उंच गाडी आणि ठेंगणा पूल

जुन्या वाड्यांतून वावरलेल्या माणसाला ठेंगण्या दाराची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. माजघरांतून स्वयंपाकघरांत जातांना त्याची मान आपोआप लवते. पाहुणा आला तर घरांतलें एखादें मूल पुढें धांवून "डोकें सांभाळा हं!" म्हणून सांगतें, तरी पहिल्या दिवशीं पाहुण्याच्या कपाळाला चौकट लागतेच, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीहि मान लवूं लागते. मोटार चालविणाऱ्याचें असेंच आहे. दहा-वीस वर्षें एकच गाडी हातांत राहिली म्हणजे तिची लांबी आणि रुंदी जणूं त्याच्या अंगाचीच होऊन बसते. अरुंद बोळांतून ती बिनबोभाट निघते, दोन गाड्यांमधल्या जागेंत नेमकी उभी राहते. उंचीचा मात्र त्यानें कधीं विचारच केलेला नसतो. कारण पांच-साडेपांच फूट उंचीच्या मोटारीला वरून आडवें येईल असें रस्त्यांत सहसा कांहीं नसतें. अशा माणसाच्या हातीं एके दिवशीं बारा फूट उंचीची गाडी आली म्हणजे काय होतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत सुट्टीच्या दिवसांत 'आर. व्ही.' नांवाची गाडी भाड्यानें घेऊन सहकुटुंब हिंडण्याची रीत आहे. गाडींत बिछाने, शेगडी, फ्रिज, न्हाणी, शौचकूप सर्व कांहीं असतें. तिकडे स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि, विशेषतः भारतांतून आई-वडील आलेले असले म्हणजे, अशी गाडी घेऊन निघतात. वृद्धांना वाटेंत पाठ टेकतां येते, आणि वरणभाताची सोय कोठेंहि होते. ही गाडी चालविण्यास बहुतेक ठिकाणीं निराळा परवाना लागत नाहीं. नेहमींच्या मोटारीचा परवाना दाखवावा, करारावर सही करावी, किल्ली हातांत घ्यावी आणि निघावें. परवाना पूर्वींचा, संवयी पूर्वींच्या, गाडी मात्र दुप्पट उंचीची. सारी गोम येथें आहे.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें म्हणतात. या गाडीचें बिऱ्हाड पोटांत असतें हें खरें. परंतु पाठीवरहि तिच्या कमी ओझें नसतें. हवा थंड करण्याचें यंत्र छपरावर बसविलेलें असतें, आणि तें एकटेंच फूटभर उंची वाढवितें. शिवाय झरोक्यांचीं झांकणें असतात, दूरचित्रवाणीची तबकडी असते, सौरपट्ट्या असतात. लहान व्हॅनसारखी गाडी नऊ-दहा फूट भरते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर माडी काढलेली गाडी दहापासून बारा फुटांपर्यंत जाते. बससारखी मोठी गाडी बारा-तेरा फुटांची असते. आणि पिकअप ट्रकच्या पाठीवर जोडून ओढावयाचा मोठा ट्रेलर साडेतेरा फुटांपर्यंत पोहोंचतो. साडेतेरा फूट ही अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत रस्त्यावरील वाहनाची कमाल उंची होय. म्हणजे सुट्टीवर निघालेला गृहस्थ एखाद्या मालट्रकएवढी उंची घेऊन चाललेला असतो. फक्त मालट्रकवाल्याला तें ठाऊक असतें, आणि याला नसतें.

उत्तर कॅरोलायना संस्थानांत डरॅम नांवाचें शहर आहे. तेथें ग्रेगसन स्ट्रीट या रस्त्यावरून आगगाडीचा एक पूल जातो. तो १९४० सालीं बांधला गेला, आणि त्याच्याखालीं ११ फूट ८ इंचांची वाट होती. जवळच्या एका कचेरींत काम करणाऱ्या गृहस्थानें २००८ सालीं खिडकींत कॅमेरा लावून ठेवला, आणि तेव्हांपासून शंभराहून कितीतरी अधिक गाड्या या पुलावर आदळतांना चित्रित झाल्या. भाड्याचे ट्रक येतात आणि सार्डिनच्या डब्याचें झांकण गुंडाळावें तसें त्यांचें छप्पर गुंडाळलें जातें. आर. व्ही. येतात, आणि त्यांच्या पाठीवरचीं यंत्रें मागें रस्त्यावर पडतात. गांवच्या लोकांनीं या पुलाला डबा उघडण्याच्या हत्याराचें नांव दिलें आहे. जगभरचे लोक हीं चित्रें पाहून हंसतात. हंसूं येतें हें खोटें नाहीं. पण गाडींत बसलेल्यांना तें येत नसावें.

येथें कोणीहि विचारील कीं, पालिकेनें सूचना लावल्या नव्हत्या काय? लावल्या होत्या, आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. पुलावर उंचीचा आंकडा होता. आधींच्या चौकांपासून इशाऱ्याचे फलक होते, लुकलुकणारे दिवे होते. पुलाच्या अलीकडे एक भक्कम पोलादी तुळई बसविली होती, म्हणजे धक्का रुळांना न बसतां तुळईला बसावा. २०१६ सालीं तर याहून शहाणपणाची योजना झाली. उंच गाडी येत आहे असें यंत्राला कळलें कीं पुलापूर्वींचा सिग्नल लाल होई आणि शेजारीं दिव्यांच्या अक्षरांत 'गाडी फार उंच आहे, वळलेंच पाहिजे' अशा अर्थाची पाटी उजळे. हेतु असा कीं चालकाला थांबून, शांतपणें वाचून, विचार करण्यास अवकाश मिळावा. चालक थांबत. हिरवा दिवा लागेपर्यंत पाटीखालीं उभे राहत. हिरवा दिवा लागला कीं सरळ पुढें जाऊन पुलावर आदळत!

या एका गोष्टींत सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे. चालकाला पाटी दिसली नाहीं असें नव्हे; ती आपल्याला उद्देशून आहे हें त्याला पटलें नाहीं. 'फार उंच गाडी' म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी. आपण तर सिग्नल पाळणारे, हिरव्या दिव्यावर निघालेले. ज्याला आपल्या गाडीची उंची आंकड्यांत ठाऊक नाहीं, त्याच्यासमोर ११ फूट ८ इंच असें कितीहि मोठ्या अक्षरांत लिहिलें तरी तें अर्धेंच वाक्य राहतें. दुसरा आंकडा चालकानें बरोबर आणावयाचा असतो; तो त्याच्यापाशीं नसला म्हणजे तुलना कशाशीं करावयाची? डोळ्यानें अंदाज करूं म्हणावें, तर समोरच्या कांचेंतून पुलाची खालची कड दिसते. पण स्वतःच्या डोक्यावरचें छप्पर, आणि त्या छपरावरचें यंत्र, बसल्या जागेवरून कधींच दिसत नाहीं.

मग रस्ता खालीं खणावा, हा सोपा उपाय का केला नाहीं? त्या रस्त्याखालून सांडपाण्याची मोठी वाहिनी गेली आहे. शेवटीं २०१९ सालीं रेल्वेनें पूलच आठ इंच वर उचलला, आणि वाट १२ फूट ४ इंचांची झाली. त्यानंतरहि गाड्या आदळावयाच्या थांबल्या नाहींत. पूल आठ इंचांनीं शहाणा झाला, पण बारा-तेरा फुटांच्या गाड्या होत्या तशाच राहिल्या.

असे पूल मुळांत बांधलेच कां, असेंहि वाटेल. कारण साधें आहे. जुन्या शहरांत आगगाडी आधीं आली आणि मोटार मागून आली. पुलाखालून जावयाची ती घोडागाडी किंवा गवताचा छकडा. त्याला दहा फूट पुरत. पुढें मोटारींसाठींच खास बांधलेल्या कांहीं रस्त्यांवर तर पूल जाणूनबुजून ठेंगणे ठेवले गेले. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड बेटावरचे व आसपासचे 'पार्कवे' रस्ते १९२० नंतरच्या दोन दशकांत रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं बांधले गेले. त्यांवरील दगडी कमानींचे पूल दिसावयास फार देखणे. पण उंचीला कित्येक ठिकाणीं दहा फुटांच्याहि आंत. बसगाड्या, आणि पर्यायानें गरीब लोक, समुद्रकिनाऱ्याकडे येऊं नयेत म्हणून ते मुद्दाम ठेंगणे ठेवले, असा आरोप मोझेस यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनीं १९७४ सालीं केला. इतर अभ्यासकांनीं त्याला हरकत घेतली आहे. तो वाद येथें सोडविण्याचें कारण नाहीं. ठेंगणे पूल मात्र वादांत पडत नाहींत. ते जागच्या जागीं उभे आहेत.

या रस्त्यांच्या तोंडाशीं 'फक्त प्रवासी मोटारींसाठीं' अशा अर्थाची पाटी असते, आणि भाड्याची आर. व्ही. घेतलेला गृहस्थ नेमका त्याच पाटीनें फसतो. तो मनाशीं म्हणतो, आपण माल कोठें नेतों? आपल्या गाडींत बायकामुलें आहेत, आई-वडील आहेत. प्रवासीच कीं हे! पाटीचा रोख गाडीच्या आकारावर आहे, आंतल्या माणसांवर नाहीं, ही गोष्ट कमान समोर येईपर्यंत त्याच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस भरधांव वाहनें, आणि मागें हॉर्नचा गजर.

मोठ्या महामार्गांवर हें भय फारसें नसतें, हेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर खेड्यापाड्यांच्या प्रदेशांत निदान १६ फूट आणि शहरी भागांत निदान १४ फूट मोकळी उंची ठेवण्याचा दंडक आहे. इंग्लंडांत ज्या पुलावर उंचीचा आंकडा लिहिलेला नसेल त्याच्याखालीं निदान १६ फूट ६ इंच जागा असते. तेव्हां संकट मोठ्या रस्त्यावर नसून, मोठा रस्ता सोडल्यावर असतें. पेट्रोल भरण्यासाठीं उतरलें, भारतीय किराण्याचें दुकान शोधावयास गांवांत शिरलें, किंवा एखादें वळण चुकलें, कीं त्या दंडकाची छत्री डोक्यावरून निघून जाते.

चुकलेलें वळण कोठवर नेऊं शकतें, याचा दाखला न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज शहराजवळ घडला. ११ सप्टेंबर २०१० रोजीं पहाट होण्यापूर्वीं एक दुमजली बस फिलाडेल्फियाहून टोरांटोकडे चालली होती. सिरॅक्यूजच्या बसस्थानकाकडे जावयाचा फांटा चालकाच्या हातून सुटला, आणि स्थानक शोधीत तो ऑनोंडागा सरोवराच्या कांठच्या पार्कवेवर आला. त्याच्याजवळ वाट दाखविणारें जी. पी. एस. यंत्र होतें. पुढें आगगाडीचा पूल होता. त्याची उंची १० फूट ९ इंच, आणि बसची सुमारें तेरा फूट. रस्त्यावर इशाऱ्याचे फलक होते. बस पुलावर आदळली आणि चार उतारू मृत्यु पावले. हा चालक धंद्याचा चालक होता. रात्र होती, रस्ता नवखा होता, आणि मन वाट सांपडविण्यांत गुंतलें होतें. वर पाहावयास त्यांत जागा उरली नव्हती. सहलीच्या घाईंत कोणाच्याहि मनाची अशी अवस्था होऊं शकते, म्हणून ही दुःखद हकीगत येथें सांगितली.

आतां उपायाकडे वळावें. पहिला उपाय निघण्यापूर्वींचा आहे, आणि त्याला एक सरळ फळी व एक मोजपट्टी एवढेंच साहित्य लागतें. गाडी सपाट जागीं उभी करावी. छपरावर जी वस्तु सर्वांत उंच असेल, बहुधा तें हवेचें यंत्रच, तिच्यावर फळी आडवी धरून ती गाडीच्या बाहेर येऊं द्यावी. फळी पाणसळीनें समतल झाली कीं तिच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यावें. हें काम दोघांनीं करावें. आणि छपरावर चढण्यापेक्षां शिडीवरून केलेलें बरें. चाकांत हवा पुरी असावी. हवेच्या उशांवर उभी राहणारी गाडी असेल तर ती चालतांना जेवढी उंच असते तेवढी उचललेली असावी. पाण्याच्या टांक्या भरलेल्या असतां गाडी थोडी बसते आणि रित्या झाल्या कीं थोडी उठते, म्हणून रित्या टांक्यांचें माप खरें धरावें. ट्रेलर असेल तर तो ओढणाऱ्या ट्रकला जोडूनच मोजावा. ट्रक बदलला कीं उंची बदलते. कंपनीच्या पुस्तकांत छापलेल्या उंचीवर विसंबून राहूं नये. मागाहून छपरावर चढलेल्या वस्तूंचा हिशेब त्यांत नसतो.

मिळालेल्या मापांत तीन-चार इंच मिळवावे, आणि तो आंकडा ठळक लिहून चालकाच्या नजरेसमोर चिकटवावा. इंग्लंडांत तीन मीटरहून उंच गाड्यांच्या बाबतींत चालकासमोर अशी पाटी ठेवणें कायद्यानेंच आवश्यक केलें आहे. आणि तरीहि काय होतें पाहा. तेथील रेल्वेच्या पुलांवर अलीकडच्या काळांत वर्षाकांठीं सुमारें दीड हजार वेळां, किंवा त्याहूनहि अधिक वेळां, गाड्या आदळल्या आहेत. केंब्रिजशायरमधील स्टोनिया येथला एक अगदीं ठेंगणा पूल २०२२-२३ या एकाच वर्षांत तेहतीस वेळां ठोकरला गेला. ब्रिटिश रेल्वेचे रूळ आणि पूल सांभाळणाऱ्या 'नेटवर्क रेल' संस्थेनें २०१८ सालीं मालट्रकचालकांना विचारलें, तेव्हां शंभरांतल्या त्रेचाळीस जणांनीं निघण्यापूर्वीं गाडी मोजत नसल्याचें कबूल केलें. पोटासाठीं ट्रक चालविणाऱ्यांची ही कथा, मग आठवड्याभराच्या पाहुण्या चालकाची काय असेल!

आंकडा लिहितांना एक खबरदारी घ्यावी. साडेबारा फूट ही उंची दशांश चिन्हानें लिहिली तर १२.५ होते, आणि फूट-इंचांत लिहिली तर १२ फूट ६ इंच होते. घाईंत वाचणारा १२.५ म्हणजे बारा फूट पांच इंच समजतो. इंचाची ही चूक पुलाखालीं क्षम्य नसते. मीटरची संवय असलेल्यांनीं, म्हणजे भारतांतून गेलेल्या बहुतेक तरुणांनीं, दोन्ही मापें शेजारीं शेजारीं लिहावींत. साडेतीन मीटर म्हणजे साधारण साडेअकरा फूट. चालत्या गाडींत गुणाकार करण्याची वेळ येऊं देऊं नये. वेगाचें गणित पाहा: ताशी तीस मैल वेगानें गाडी एका सेकंदांत ४४ फूट जाते. दोनशें फुटांवर फलक नजरेस पडला, तर पुलापाशीं पोहोंचावयास साडेचार सेकंद लागतात. त्यांत वाचणें, ताडून पाहणें, ठरविणें आणि सात-आठ टनांचें धूड थांबविणें एवढें सर्व बसवावयाचें आहे.

स्वतःचा आंकडा ठाऊक झाला आणि पुलाचा आंकडा समोर आला, तरी दोन आंकड्यांची वजाबाकी करून काम संपतें असें नाहीं. रस्ता पुलाखालीं खोलगट होत असेल तर लांब गाडीचें पुढचें चाक एका चढावर आणि मागचें दुसऱ्या उतारावर असतें. मधलें धड खळग्यावर पुलासारखें तरंगतें, आणि तेथें छप्पर रस्त्यापासून जास्त उंच होतें. शाळेंत भूमिति शिकलेल्यांना वर्तुळाची जीवा आठवेल. पुढच्या-मागच्या चाकांत २४ फूट अंतर असलें आणि खळग्याची वक्रता ३०० फूट त्रिज्येची धरली, तर २४ चा वर्ग भागिलें ८ गुणिलें ३००, म्हणजे जवळजवळ तीन इंच उंची मध्यें वाढते. हवेचें यंत्र बहुधा मध्याच्या आसपासच असतें! दुसरें असें कीं रस्त्यावर नवा डांबराचा थर चढतो, हिंवाळ्यांत बर्फ सांठून घट्ट बसतें, आणि पुलावरचा आंकडा मात्र तोच राहण्याचा संभव असतो.

कमानीची गोष्ट तर आणखी निराळी. कमान मध्यें उंच आणि कडेला ठेंगणी असते. आणि नेमानें गाडी चालविणारा मनुष्य कडेनेंच जातो. ब्लू रिज पार्कवे या रमणीय डोंगरी रस्त्यावर सव्वीस बोगदे आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन उंच्या प्रसिद्ध केलेल्या आहेत. एक रस्त्याच्या मध्यरेषेवरची, दुसरी कडेच्या पांढऱ्या रेषेवरची. यूटामधील झायन राष्ट्रीय उद्यानांतला १९३० सालचा बोगदा मैलाहून लांब आहे. तेथें मोठ्या गाड्या मधोमध नेण्यासाठीं कित्येक वर्षें समोरची रहदारी अडवून धरीत. पाठीकडे कललेल्या रस्त्यावर उंच गाडी कडेकडे झुकते, तेंहि विसरूं नये. वॉशिंग्टन संस्थानांत स्कॅजिट नदीवर १९५५ सालचा एक पोलादी पूल होता. त्याच्या वरच्या आडव्या तुळया अशाच मध्यें उंच आणि कडेला उतरत्या होत्या. २३ मे २०१३ रोजीं अवजड, उंच ओझें लादलेला ट्रक उजव्या मार्गिकेंतून गेला आणि त्या तुळयांना लागला. ट्रक पार झाला, मागें पुलाचा एक गाळा नदींत कोसळला. दोन मोटारी पाण्यांत पडल्या. तिघे जण वांचविले गेले आणि सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. त्या ट्रकच्या पुढें काठी लावून उंची चांचपणारी गाडी होती, हें विशेष.

मार्ग आधीं ठरविणें हा दुसरा उपाय. सर्वसाधारण मोटारींसाठीं केलेले नकाशे जवळची वाट दाखवितात. गाडीची उंची त्यांना कोणी सांगितलेली नसते. जवळची वाट पुष्कळदां जुन्या गांवांतून, म्हणजे जुन्या पुलाखालूनच जाते. गाडीची उंची, लांबी आणि वजन भरून घेऊन मग वाट दाखविणारीं जी. पी. एस. यंत्रें आर. व्ही. करितां निराळीं मिळतात. तीं घ्यावींत, परंतु त्यांवर सर्वस्वीं भार टाकूं नये. रँड मॅकनॅली कंपनीच्या मालवाहतूकदारांच्या नकाशापुस्तकांत ठेंगण्या पुलांची यादी संस्थानवार दिलेली असते. आदल्या रात्रीं दुसऱ्या दिवसाच्या वाटेवरचे असे पूल कागदावर टिपून ठेवण्यास अर्धा तास पुरे. मुक्कामाच्या जागेच्या मालकाला फोन करून "मोठ्या गाड्या कोणत्या बाजूनें येतात?" असें विचारणें हें तर यंत्रापेक्षांहि खात्रीचें. आणि चालकाशेजारीं बसणाऱ्या व्यक्तीला एक काम नेमून द्यावें: पिवळा फलक दिसला कीं त्यावरचा आंकडा मोठ्यानें वाचावयाचा. "अहो, अकरा फूट दहा!" हा शब्द वेळेवर कानीं पडला, तर पुढचा सारा खर्च वांचतो.

खर्चाचा विषय निघाला म्हणून भाड्याच्या कराराबद्दल दोन शब्द. गाडीला इजा झाल्यास भाडेकऱ्याची जबाबदारी कमी करणारी जी योजना जादा पैसे घेऊन देतात, तींतून छपराची, म्हणजे वरून लागलेली, इजा पुष्कळ कंपन्या वगळतात. पुलावर गाडी घातल्यास छपराचा सारा खर्च ग्राहकावर पडूं शकतो. सही करण्यापूर्वीं हें कलम शोधून वाचावें, आणि त्याच टेबलावर गाडीची उंची लेखी मागून घ्यावी. पेट्रोल-पंपाचें छप्पर, खाद्यपदार्थांच्या दुकानाची खिडकी, वाहनतळाचें प्रवेशद्वार, तळावरच्या झाडाची आडवी फांदी, हीं सर्व पुलाचींच लहान भावंडें आहेत. पोरांना आईस्क्रीम हवें असेल तर गाडी दूर उभी करून चालत जावें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न अजून दाराशीं आला आहे एवढेंच. राज्य शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां चाकांवरचीं बिऱ्हाडें येथल्या घाटांतून आणि कोंकणांतून दिसूं लागावींत अशी अपेक्षा आहे. येथें रेल्वेचें फाटक आलें कीं विजेच्या तारांखालून जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस लोखंडी चौकट उभी दिसते, ती ४.६७ मीटरांवर, म्हणजे सवापंधरा फुटांहून किंचित् उंच असते. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, म्हणून ती मर्यादा. पण रुळांखालून जाणाऱ्या जुन्या मोऱ्यांची उंची याच्या कितीतरी खालीं असूं शकते, आणि तेथें पावसाळ्यांत गाळ सांठून ती आणखी घटते.

एवढें करूनहि पूल समोर आलाच आणि मनांत शंका आली, तर थांबावें. धोक्याचे दिवे लावावे. मागचे हॉर्न वाजवितील, वाजवूं द्यावे. 'बहुधा जाईल' या शब्दावर अनेक छपरें गेलीं आहेत. एकानें खालीं उतरून, रस्त्याच्या कडेला उभें राहून, छपराची आणि पुलाची रेषा दुरून पाहावी. जागा नाहीं असें दिसलें तर पोलिसांना फोन करून मागची रहदारी थांबवून घ्यावी आणि मगच गाडी मागें न्यावी. मागें मोटार जोडलेली असेल तर ती आधीं सोडवावी; जोडलेली मोटार मागें ढकलतां येत नाहीं.

आणि धक्का बसलाच, तर गाडी पुढें रेटूं नये, मागेंहि ओढूं नये. सर्वांना खालीं उतरवून पुलापासून दूर न्यावें. चाकांतली हवा सोडून अडकलेली गाडी मोकळी करण्याची युक्ति खरी आहे, पण ती पुलाची तपासणी करणारी माणसें आल्यावर करावयाची. वरून आगगाडी जात असेल तर रूळ बोटभर जरी सरकले असले तरी अनर्थ होऊं शकतो. म्हणून पहिली खबर रेल्वेला गेली पाहिजे. इंग्लंडांत अशा पुलांवर फोनचा आणि पुलाचा असे दोन क्रमांक लिहिलेली पाटी लावलेली असते. ते दोन्ही वाचून सांगितले कीं येणाऱ्या गाड्या अडवितां येतात. अमेरिकेंत ९११ ला फोन करून हा पूल रेल्वेचा आहे, असें पहिल्याच वाक्यांत सांगावें. गाडीच्या छपराचे फोटो, भाडेकंपनीला फोन, विम्याचे कागद, हें सगळें त्यानंतर.